कारभारी गेल्यावर कारभार कोणाचा?



आखाजीला आपण घागर भरतो. गेलेल्या बापाच्या, आज्याच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरायची, वर खरबूज, सांजोरी, आंबा ठेवायचा आणि त्याला जेवू घालायचे. त्याच दिवशी सालदाराचे साल संपते आणि नवे साल ठरते. सासरी गेलेल्या लेकी त्याच सणाला माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. मेलेल्यांचे देणे, मजुराचे देणे आणि लेकींचे येणे, सगळे एकाच दिवशी. एक हिशेब मात्र त्या दिवशी कोणी करीत नाही. ज्याच्या नावाने घागर भरली त्याची जमीन आज कोण बघतो, कोणाच्या वतीने बघतो, आणि त्या जमिनीत राबणाऱ्याच्या हाती काय पडते?

अमळनेर-पारोळ्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यात आम्ही एका गावी बैठकीला गेलो होतो. विषय कापसाच्या भावाचा होता. भावाचे बोलून झाले, टाळ्या झाल्या, आणि मागे भिंतीला टेकून बसलेली एक बहीण उठली. नवरा जाऊन चार वर्षे झालेली. सहा एकर जिरायत. दरवर्षी थोडी कपाशी, थोडी दादर. पेरणीला तीच, निंदणीला तीच, वेचणीलाही तीच. ती म्हणाली, "मन्हा मालकना नावनी घागर मीच भरस भाऊ. पन उतारावर मन्हं नाव कोठे शे?"

आम्ही उतारा मागवला. त्यावर तिच्या सासऱ्याचे नाव. सासरा जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. त्याखाली तिच्या जेठाचे नाव, आणि नावापुढे ते ओळखीचे अक्षर: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नवऱ्याचे नाव कधी लागलेच नव्हते, मग तिचे कुठून लागणार? सोसायटीचे पीककर्ज जेठाच्या खात्यावर, पीकविम्याचे पैसे जेठाच्या खात्यावर, अतिवृष्टीचे अनुदान आले तेही तिकडेच. जेठ शेजारीच बसला होता. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "दिवाळीले लुगडं देतो, वर्षाचे दोन पोते ज्वारी देतो, पोरांची फी भरतो. आम्ही काय तिला उपाशी ठेवतो का?"

भावांनो, हेच वाक्य आपण दिल्लीच्या आणि मुंबईच्या तोंडून किती वर्षे ऐकत आलो! शेतकऱ्याला सबसिडी देतो, अनुदान देतो, कर्जात सूट देतो, आम्ही काय त्याला उपाशी ठेवतो का? आणि आपण चौकाचौकात घसा फोडून काय उत्तर दिले? भीक नको, हवे घामाचे दाम. मग त्या बहिणीला दिवाळीला मिळणारे लुगडे कशात मोडते? तिच्याच घामाचा कापूस, तिच्याच नवऱ्याच्या वाट्याची जमीन, आणि लुगडे मात्र जेठाच्या उपकाराचे. सरकारने आपल्यावर जे केले तेच आपण आपल्या उंबऱ्याच्या आत करतो आहोत. सरकारकडे निदान बजेट असते, कोणी मागितले तर हिशेब तरी दाखवतात.

हा ए.कु.मॅ. कोण, ते नीट समजून घेऊ. एकत्र कुटुंबात बाप मेला की सगळ्या भावांच्या नावे उतारा करायचा सोडून एकाच्या नावे करायची चाल पडली. कारण सोपे होते. शेतसारा भरायला, सोसायटीत सही करायला, तलाठ्याला ओळखायला एक माणूस पुरतो. थोरला तो माणूस झाला. तो मालक झाला नाही, फक्त कारभारी झाला. बाकीच्यांचा वाटा जिथल्या तिथे आहे. फेरफाराने कोणी मालक होत नाही आणि फेरफार नाही म्हणून कोणाची मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पण कोर्ट दिल्लीत आणि आपण पारोळ्यात. गावात ज्याच्या नावाचा उतारा त्याची जमीन. वीस-तीस वर्षे गेली की ए.कु.मॅ. ही तीन अक्षरे कोणी वाचीत नाही. थोरल्याची पोरे म्हणतात, आमच्या बापाचीच तर होती.

आणि कायद्यातली गंमत ऐका. एकत्र कुटुंबाचा कर्ता वाटणीच्या वेळी मागचा हिशेब द्यायला बांधलेला नाही. शिल्लक आहे ते वाटायचे. वीस वर्षांचा कापूस कुठे गेला, हे विचारायचे असेल तर त्याने लबाडी केली, पैसे खाल्ले, असे तुम्हीच सिद्ध करायचे. याउलट एखाद्याने मृत्युपत्र करून व्यवस्थापक नेमला आणि कोर्टाने त्याला प्रोबेट दिले, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याला सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो. मुंबईच्या बंगल्याचा व्यवस्थापक यादी देतो आणि पारोळ्याच्या सहा एकराचा कारभारी देत नाही. इंडिया आणि भारत हा भेद मेल्यावरही सुटत नाही म्हणायचा.

विधवा आईला हा कारभार का मिळू नये? हा प्रश्न आपल्याच कापसाच्या मुलखातून कोर्टात गेलेला आहे. १९४७ साली नागपूरच्या हायकोर्टाने सांगितले होते की नवरा गेल्यावर, मुले लहान असताना, विधवा आई कुटुंबाची मॅनेजर म्हणून व्यवहार करू शकते. घर तीच चालवते, मग देवघेवीला तिची सही का चालू नये, इतका सरळ विचार होता. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो विचार मोडला. जो जन्माने एकत्र कुटुंबाचा हिस्सेदार नाही तो कर्ता होऊ शकत नाही, आणि सून ही जन्माने हिस्सेदार नसते. पुढे २००५ साली मुली जन्माने हिस्सेदार झाल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने थोरल्या मुलीला कर्ता मानले. आज स्थिती अशी आहे की लेक कर्ता होऊ शकते, पण तिची आई, जिने त्या जमिनीत उभा जन्म घातला, ती होऊ शकत नाही.

पोरे लहान असली तर आणखी एक फास आहे. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याने बापामागे आई हीच नैसर्गिक पालक. पण त्याच कायद्यात असेही आहे की एकत्र कुटुंबातली मिळकत एखादा सज्ञान माणूस पाहत असेल तर अज्ञान मुलाच्या त्यातल्या अविभक्त वाट्याला वेगळा पालक नेमायचा नाही. म्हणजे पोरांच्या नाकाला पदर लावायला आई, आणि पोरांच्या जमिनीला हात लावायला काका. त्यातून सुटायचा रस्ता एकच, वाटणी. वाटा वेगळा झाला की त्या वाट्याची पालक आई. उताऱ्यावर मग मुलाच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून आईचे नाव लागते, आणि कोर्टाच्या परवानगीवाचून कोणालाही, आईलासुद्धा, मुलाचा वेगळा वाटा विकता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, कायदेच नव्हते म्हणून असे झाले. कायदे होते. १८१८ साली पेशवाई गेली, खानदेश इंग्रजाकडे आला, आणि नऊच वर्षांत, १८२७ साली, मुंबई सरकारने आठव्या नंबरचा विनियम केला. विषय काय? माणूस मेल्यावर त्याचे वारस कोण, व्यवस्थापक कोण, याला कोर्टाने मान्यता द्यायची, आणि वारस हजर नसेल किंवा असमर्थ असेल तर मिळकत बघायला माणूस नेमायचा. तो विनियम अजून जिवंत आहे. जळगाव-धुळ्याच्या कोर्टात आजही वारस दाखला मागतात तो त्याखालीच. पुढे १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांनी विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता वाटा देणारा कायदा करून घेतला. लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की शेतजमीन त्यात येत नाही. शहरातल्या विधवेला घरात वाटा, खेड्यातल्या विधवेला वावरात नाही! प्रांतांना मग वेगळे कायदे करून ते भोक बुजवावे लागले. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेच्या हक्कातला 'हयातीपुरता' हा शब्द काढला. तेव्हापासून मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाचा स्वतःचा जो वाटा निघेल त्यात बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई, सगळ्यांचा हिस्सा सारखा. आईला तर सगळेच विसरतात. म्हातारी ओसरीवर बसलेली असते आणि वारसांच्या यादीत तिचे नाव नसते.

बायको दुसरा पाट लावील आणि जमीन परक्या घरी जाईल, ही भीती बैठकीत हमखास निघते. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यात तशी अट होती खरी. पण १९५६ च्या वारसा कायद्याने मिळालेला वाटा पाट लावला म्हणून परत घेता येत नाही, आणि तो जुना कायदाही १९८३ मध्ये रद्द झाला. ज्यांना ही भीती वाटते त्यांनी एवढे सांगावे: पुरुष दुसरे लग्न करतो तेव्हा त्याची जमीन कुठे जाते?

आता कर्जाचे. बाप कर्ज ठेवून गेला की सोसायटीचा माणूस दारात येतो आणि घाबरलेली पोरे म्हणाल तिथे अंगठा देतात. इथे पुरते लक्ष द्या. १८६६ सालीच मुंबई सरकारने कायदा केला होता की मेलेल्याचे कर्ज वारसाने भरायचे ते वारशात आलेल्या मिळकतीपुरते, स्वतःच्या अंगावरून नाही. बापाचे ऋण फेडणे हा मुलाचा धर्म, हे धर्मशास्त्रातले बंधनसुद्धा ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना कोर्टात लागू होत नाही. वारसाने स्वतः जामीन म्हणून किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. आणि नेमकी ती सही मेल्यावर घेतली जाते. त्याला आपण नवं-जुनं म्हणतो. मेलेल्याचे खाते बंद, वारसाच्या नावे तेवढेच कर्ज नवे. त्या दिवसापासून ते बापाचे कर्ज राहत नाही, सही करणाऱ्याचे होते. तेराव्याच्या आत नवं-जुनंचा कागद पुढे आला तर आधी हा कागद आठवा. कर्जमुक्तीसाठी आपण तुरुंग भोगले, आणि घरात बसून न वाचलेल्या कागदावर सही करून पुन्हा कर्जात जातो.

हे सगळे लिहिताना आम्हाला विटनेर आठवते. नव्या पोरांना सांगायला हवे, कारण त्यांना ही गोष्ट माहीत नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. लाखांनी बाया आल्या. त्यातून विचार पुढे गेला आणि शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीची मागणी करायची तर शेतकऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचे देणे द्यावे. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव, आणि त्या गावी जोशी स्वतः जाणार. आपल्या जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे त्यातले नावाजलेले गाव. शंभरावर घरांनी जमिनी दिल्या. कोणा सावकाराच्या नाहीत, स्वतःच्या. आंदोलनात रेल्वे अडवणे सोपे असते. उताऱ्यावर स्वतःच्या नावाशेजारी बायकोचे नाव चढवणे अवघड, हे तेव्हाच्या कार्यकर्त्यांना विचारा. सरकारलाही मग जाग आली आणि १५ सप्टेंबर १९९२ ला परिपत्रक निघाले. नवऱ्याने हयातीत साधा अर्ज केला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते.

यात आमचीही चूक सांगितली पाहिजे. आम्ही गावे मोजली, सत्कार केले, आणि नंतर फिरून पाहिले नाही. काही घरांत नाव लागले, पण बाईला गट नंबर कोणता हे ठाऊक नाही, कापूस विकून पैसे नवऱ्याच्याच खिशात. काही घरांत तिच्या नावाचा उपयोग काय झाला, तर नवऱ्याचे खाते थकले म्हणून तिच्या नावे दुसरे कर्ज काढले. पण जिथे खरोखर दिले तिथे फरक पडला. अशा घरातला नवरा गेला तेव्हा बाई तिसऱ्या दिवशी जेठाच्या दारात उभी राहिली नाही. तिचा स्वतःचा उतारा होता. आम्ही सत्काराच्या हारांवर जेवढा वेळ घालवला त्याच्या निम्मा वेळ वारस नोंदीवर घालवला असता तर पारोळ्याकडची ती बहीण आज आम्हाला प्रश्न विचारीत नसती.

आपल्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव लागले. चांगले झाले. ऐन तिशीत नवरा गेलेली, शेतात राबून तीन पोरे वाढवलेली ती बाई होती. विद्यापीठाच्या पाटीवर तिचे नाव लावायला आपण एकमताने हो म्हटले. घरातल्या बहिणाबाईचे नाव उताऱ्यावर लावायचे म्हटले की भाऊबंदकी आठवते.

आणि सातपुड्यात काय आहे ते पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याने चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर ज्या आदिवासींना पट्टे मिळाले, त्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे लागतात. कायद्याची अटच तशी आहे. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्यांच्या कागदावर बाईचे नाव आहे, आपल्या कागदावर नाही. अर्थात त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीला १९५६ चा कायदा लागू नाही, तिथे रूढी चालते. पण १७ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितले की बाईला वाटा नाही अशी रूढी कोणी सिद्ध केलेली नसेल तर तिच्या वारसांनाही सारखा वाटा.

लेकींविषयी बोलायला आमचेही तोंड थोडे अडखळते, कारण आमच्या घरातही लेकी-बहिणी आहेत आणि त्यांच्या सह्या आहेत. आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि झोका बांधलेला असतानाच त्यांना रजिस्टर ऑफिसात नेऊन हक्कसोड घेतात. साडी-चोळी करतात. लेक सही करते, कारण सही केली नाही तर पुढच्या आखाजीला मुळाऱ्या येणार नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला मुलासारखा हक्क दिला, ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बाप केव्हा मेला यावर अवलंबून नाही असेही स्पष्ट केले. आमचे म्हणणे एवढेच, हक्क सोडायचा असेल तर तो तिने मनाने सोडावा, आणि ज्याच्यासाठी सोडते ते नाव तिने सांगावे. भावासाठी सोडण्याऐवजी विधवा आईसाठी सोडते, असेही तिला म्हणता येते. हे किती लेकींना कोणी सांगितले?

दोन फसव्या समजुती तेवढ्या काढून टाकतो. एक, बँकेत नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा झाला. तसे नाही. नॉमिनी हा फक्त बँकेच्या खिडकीवर पैसे घेणारा हात, पैसा वारसांचा. प्रत्येक घराच्या भिंतीवर ज्यांची दिनदर्शिका टांगलेली असते त्या कालनिर्णयकार जयंतराव साळगावकरांच्या मिळकतीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १४ डिसेंबर २०२३ ला कोर्टाने शेअर आणि ठेवींच्या बाबतीत हेच सांगितले. एवढ्या जाणत्या माणसाच्या घरी, मृत्युपत्र असूनही, जर हा प्रश्न उठतो, तर आपल्या घरी का उठणार नाही? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात. लावा, त्यात एक नाव बायकोचे लावा, पण तेवढ्याने वारसा ठरला असे समजू नका.

दुसरी समजूत, मृत्युपत्र हे बंगलेवाल्यांचे काम. साध्या कागदावर मृत्युपत्र होते. स्टॅम्प लागत नाही. रजिस्टर करणे सक्तीचे नाही, केलेले बरे. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा, आणि साक्षीदार ज्यांना काही मिळणार नाही असे गावातले दोन माणसे, जमले तर एक डॉक्टर. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त वाटासुद्धा १९५६ पासून मृत्युपत्राने देता येतो. त्यात एक ओळ लिहायची, माझ्यामागे मिळकतीची व्यवस्था माझी बायको पाहील. ज्या विधवेला कायदा कर्ता म्हणत नाही तिला नवरा स्वतःच्या हाताने व्यवस्थापक नेमू शकतो. कायद्यातले हे दार उघडे आहे आणि आत जायला एक कोरा कागद पुरतो. पण मृत्युपत्राचे नाव काढले की आपल्या घरात म्हातारा रागावतो, माझ्या मरणाची वाट पाहता का? अहो आबा, विहिरीला कठडा बांधतो तो कोणी पडावे म्हणून बांधतो का?

एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात आमच्या ओळखीच्या एका घरी कापसाच्या फरकाची रक्कम माणूस गेल्यावर आली. चेक मेलेल्याच्या नावे. केंद्रावर म्हणाले वारस दाखला आणा, वकिलाने फी सांगितली, ती चेकाच्या निम्म्याला टेकली. तो चेक त्या माउलीने देवघरात ठेवला. एकाधिकार खरेदी संपली, पण तशा अडकलेल्या रकमांचे नाव फक्त बदलले. आता किसान सन्मानाचा हप्ता अडतो, विम्याची भरपाई अडते, शेतकरी अपघाताचे दोन लाख अडतात. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, उतारा कोणाच्या नावे?

सरकारने १ एप्रिल २०२५ पासून जिवंत सातबारा मोहीम राज्यभर काढली. मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात सुरुवात झाली होती. मेलेल्या खातेदारांची नावे काढायची, वारसांची लावायची. काम चांगले आहे. पण मोहिमेने मेलेले नाव निघते, कारभार कोणाचा हे ठरत नाही. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, आपण जी यादी देऊ ती लिहितो. यादी देणारा पुन्हा तोच थोरला. त्याने विधवा भावजयीचे नाव घातले तर लागेल, विसरला तर राहील. म्हणून यादी बाईने स्वतः द्यायची. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. तीन महिन्यांच्या आत द्यावा असे कायदा म्हणतो, उशीर झाला तरी द्यावा. त्याची नोंद आधी गाव नमुना सहा-क ला होते, मग फेरफार, मग पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय चावडीची पायरी उतरू नये. पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, वारस नोंदीला फी नाही.

पारोळ्याकडच्या त्या बहिणीचे काय झाले ते सांगायचे राहिले. बैठक संपल्यावर आम्ही जेठाशी बोललो. पहिल्या दिवशी तो रागावला, दुसऱ्या खेपेला गप्प बसला. तिसऱ्या खेपेला त्याची म्हातारी आई बोलली. तिचे नाव उताऱ्यावर कधी लागले नव्हते, हे तिला त्या दिवशी कळले. अर्ज गेला. त्यात म्हातारीचे, जेठाचे, दोन नणंदांचे, आणि गेलेल्या भावाच्या वतीने त्याच्या विधवेचे व दोन मुलांचे नाव आहे. एका नणंदेची हरकत आली, ती विवादग्रस्त नोंदवहीत गेली, तारीख पडली आहे. यंदाची कपाशी तिने पेरली आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावे बियाण्याची पावती फाडली.

येत्या जिल्हा बैठकीला येताना छातीवरच्या बिल्ल्याबरोबर सातबारा आणि आठ-अ चा चालू उतारा घेऊन या, आणि घरच्या कारभारणीलाही सोबत आणा. मंडपाच्या डाव्या बाजूला दोन टेबले मांडू. एकावर वारस नोंदीचे अर्ज लिहून देतील, दुसऱ्यावर बायकोचे नाव लावण्याचे. पहिल्या रांगेत कार्यकर्त्यांचे उतारे तपासायचे, असे आम्ही ठरवले आहे, आणि त्यात हा लेख लिहिणाऱ्यांचेही आहेत.